चांदणीवरचा श्वास

धाकटीने सत्तरी कधीच ओलांडली होती. गुडघे कुरकुरत होते, पुढचे दोन दात गेले होते, तरी अख्खा मठ तिला धाकट्या सिस्टर म्हणूनच हाक मारी. कारण साधं होतं. एके काळी या मठात दोन सख्ख्या बहिणी होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. थोरली गेली, धाकटी राहिली, आणि तिचं नावही तसंच राहिलं. नव्याने आलेल्या पोरी बिचाऱ्या गोंधळून जात. एवढ्या पिकल्या बाईला धाकटी कशाला म्हणतात, म्हणून एकमेकींकडे बघत. ती मात्र त्या हाकेला अशी ओ देई, जसं काही कोणी लाडाने खेळायला बोलावलंय. तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू.

तिचं काम भाकरीच्या खोलीत. ही भाकर जेवणातली नव्हे हं. चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी वेदीवर ठेवतात त्या पातळ, पांढऱ्या, नाण्याएवढ्या चकत्या. आसपासच्या सगळ्या चर्चना त्या या मठातूनच जात. नुसतं पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा म्हणावं! पीठ वस्त्रगाळ हवं. ते दुधासारखं पातळ भिजवायचं, दोन जड लोखंडी तव्यांमध्ये ओतून दाबून धरायचं आणि वेळेवर उघडायचं. घाई केली तर चिकटतं, रेंगाळलात तर पिवळं पडतं. निघालेला तक्ता इतका कडक, की बोट लागलं तर त्याचे तुकडे. म्हणून तो रात्रभर दमट कपाटात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी जरा नरमला की यंत्राखाली धरून चकत्या पाडायच्या. धाकटीचा सगळा जन्म यात गेला, आणि तिची त्याबद्दल कसलीही तक्रार नव्हती.

आता या मठाची एक गंमत सांगितली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ सगळ्या सिस्टर चॅपलमध्ये समोरासमोरच्या बाकांवर बसून स्तोत्रं गात. छापलेल्या स्तोत्रात प्रत्येक ओळीच्या मधोमध एक बारीक चांदणी असते. अर्धी ओळ म्हणायची, चांदणीवर श्वास घ्यायचा, मग उरलेली अर्धी. सगळीकडे असंच गातात. पण इतरत्र चांदणीवर माणूस जेमतेम श्वास घेतो न घेतो तोच पुढे जातो. इथे चांदणीवर थांबल्या की थांबल्याच. कोणी हलत नसे, कोणी घसा साफ करत नसे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटे, संपलं बहुतेक. तो उठून टोपी शोधायला लागे, आणि तेवढ्यात उरलेली अर्धी ओळ सुरू होई. बिचारा ओशाळून पुन्हा खाली बसे.

या थांब्याचं बाहेर बरंच नाव झालं होतं. शहरातून माणसं शांतता शिकायला येत, डोळे मिटून मागच्या बाकांवर बसत. एकदा एक विद्वान फादर आले. त्यांनी सिस्टरांनाच तासभर समजावलं, की देवाने मातीच्या माणसात स्वतःचा श्वास फुंकला, येशूने मेलेल्यांतून उठल्यानंतर शिष्यांवर फुंकर घातली, आणि तेच सगळं ध्यानात ठेवून या मठाच्या संस्थापिका मदरांनी हा पवित्र थांबा घालून दिला. मागच्या बाकावर बसलेल्या धाकटीने डोक्यावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिला हसू आवरेना. आणि जरा वेळाने बघते तर डोळेही भरून आलेले.

कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. थांबा संस्थापिका मदरांचा नव्हताच मुळी. तो ताईच्या दम्याचा होता.

ताई तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. घर माणसांनी भरलेलं, भर दुपार, आणि हिला रडून रडून अशी उचकी लागली की श्वास आतही जाईना आणि बाहेरही येईना. मोठी माणसं ‘अगं पाणी पाज, अगं पाठ चोळ’ करत नुसती इकडून तिकडे धावत होती. ताईने तिला उचललं, मागच्या दाराच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि तिचा हात स्वतःच्या छातीवर दाबून धरला.

“माझ्याबरोबर घे,” ताई म्हणाली. “आत घेताना म्हण, प्रभू. सोडताना म्हण, आहेस ना. बास. एवढंच.”

“आणि नसला तर?” उचक्या देतादेताच धाकटीने विचारलं.

“नसता तर श्वास आत गेला असता का गं? तूच बघ.”

धाकटीने बघितलं. खरंच गेला होता. त्या दिवसापासून तिची प्रार्थना तीच. शाळेत गणित अडलं, बाबा उशिरा घरी आले, कुत्रा अंगावर आला, की धाकटी ताईला चिकटून उभी राही आणि ताईच्या छातीबरोबर आपला श्वास चालवी. एकटीने करायची वेळ तिच्यावर तेव्हा आलीच नाही. ताई होती ना शेजारी!

ताई मठात निघाली तेव्हा धाकटीने तीन दिवस जेवणाला हात लावला नाही. पुढे वयात आल्यावर तिने जाहीर केलं, की मीही जाणार. बाबांनी डोक्याला हात लावला. “एकीला देवाने नेलं, दुसरीला मठाने. आता तू तरी थांब की घरी!” धाकटी कसली थांबते! शेवटी बाबाच तिला फाटकापर्यंत सोडायला आले. एकीकडे डोळे पुसत होते आणि दुसरीकडे ताईला दटावत होते, “हिला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.” देवाने धाकटीला हाक मारली होती की नाही ते देवालाच ठाऊक. ताईने मारली नव्हती, तरी हिला ती ऐकू आली होती.

ताई तेव्हा भाकरीच्या खोलीत पीठ चाळायची. लहानशी खोली, एकुलती एक खिडकी, तीही बंद, कारण वाऱ्याने पीठ उडतं. वर्षानुवर्षं ती त्या पांढऱ्या ढगात उभी राहिली आणि तो ढग हळूहळू तिच्या छातीत जाऊन बसला. आधी खोकला, मग धाप, मग प्रत्येक श्वासाला एक बारीक शीळ. डॉक्टरांनी पिठापासून लांब राहायला सांगितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नव्या पोरींनी लोहाराच्या भात्यावरून तिचं नाव ‘भाता’ ठेवलं. ताईला कळलं तेव्हा ती इतकी हसली, की हसता हसता धाप लागली आणि त्या पोरींनाच धावत जाऊन पाणी आणावं लागलं.

आणि एका संध्याकाळी ते झालं. स्तोत्र चाललं होतं. चांदणी आली आणि ताईचा श्वास अडकला. तिने तोंड उघडलं, छाती वर आली, पण आत काही जाईना. शेजारी बसलेली धाकटी पुढची अर्धी ओळ म्हणायची सोडून तिच्याकडे बघत राहिली. पलीकडची थांबली, तिच्यापलीकडची थांबली. पेटीवरच्या सिस्टरांनी हात उचलून मांडीवर ठेवले. सगळं चॅपल चिडीचूप. मग ती शीळ ऐकू आली, लांब, बारीक, आत जाणारी. आणि मग सुटणारी. ताईने ओळ उचलली आणि सगळ्या तिच्याबरोबर पुढे गेल्या. पुढच्या चांदणीवरही थांबल्या. त्याच्या पुढच्याही.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रार्थना संपल्यावर ती तडक तेव्हाच्या मठप्रमुख, जुन्या मदरांकडे गेली. म्हणाली, “मदर, मी उद्यापासून मागे बसते, नुसती ऐकते. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको.”

जुन्या मदर विणत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. “खोळंबा कसला, सिस्टर? आम्हालाही श्वास लागतोच की,” एवढंच म्हणाल्या, आणि विषय संपला.

कोणी हुकूम काढला नाही, की कुठे लिहून ठेवलं नाही. ताई श्वास घेईपर्यंत थांबायचं, एवढंच. मग थांबलेल्या वेळात करायचं काय? कुणीतरी ताईलाच विचारलं. तिने पायरीवर जे धाकटीला सांगितलं होतं तेच सांगितलं. आत घेताना प्रभू, सोडताना आहेस ना. हळूहळू सगळा मठ ते करायला लागला. भाजी चिरताना, जिना चढताना, दाढ दुखत असताना. बागवाल्या सिस्टर तर वाफे खणताना ते मोठ्याने म्हणत, आणि त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे किती मोठ्याने म्हणतो आहोत याचा त्यांना पत्ताच नसे. फाटकाबाहेरचा पोस्टमन एकदा “आहे, आहे” म्हणत घाईघाईने आत आला होता.

ते दिवस धाकटीला अजून कालच्यासारखे आठवतात. चाळीस जणी होत्या तेव्हा. जिन्यावर सतत पावलं, स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट, इस्त्रीच्या खोलीतून हसू. आणि संध्याकाळी तेच चाळीस जणींचं गाव चांदणीवर येऊन गप्प होई, आणि त्या गप्पपणात एकच बारीक शीळ. धाकटीला त्या शिळेएवढं गोड गाणं जगात दुसरं नव्हतं. शीळ आहे म्हणजे ताई आहे, आणि ताई आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

ताई गेली त्या सकाळी धाकटी तिच्या उशाशी बसली होती. हात छातीवर, लहानपणी होता तसाच. एक श्वास आला, शीळ वाजली, सुटली. धाकटी पुढच्याची वाट बघत बसली. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि चष्मा काढला. मदरांनी खांद्यावर हात ठेवला. तरी धाकटीचा हात तिथेच. पुढचा येईल असं तिला वाटत होतं. तो आलाच नाही.

आणि खरं सांगायचं तर ती त्यानंतरही वाट बघायची थांबली नाही. मठाने ताईनंतरही थांबा मोडला नाही. इतक्या वर्षांची सवय, कोण मोडणार? रोज सकाळी, रोज संध्याकाळी, प्रत्येक चांदणीवर धाकटी कान देऊन बसे. शीळ येणार नाही हे तिला कळत होतं. ती काही वेडी नव्हती. पण त्या थांब्यात ताईची जागा तशीच्या तशी रिकामी होती, आणि रिकामी जागासुद्धा माणसाला पुरते कधी कधी. एखाद्याची खुर्ची कोणी हलवली नाही की तो बाहेर गेलाय, येईल, असं वाटतं ना, तसंच हे होतं.

अशात नव्या मदर आल्या.

नव्या मदर म्हणजे वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. मोठी शाळा चालवून आल्या होत्या. चालणं झपाझप, बोलणं तोडून, आणि हातात सतत टाचणांची एक वही. आल्या आल्या त्यांनी गळणारं छप्पर दुरुस्त करून घेतलं, स्वयंपाकघरातला धूर घालवला आणि भाकरीच्या खोलीला हवा ओढणारा पंखा बसवला. त्या पंख्यापायी धाकटीने त्यांना मनोमन शंभर गुन्हे माफ केले होते. ताईच्या वेळी हा पंखा असता तर, हा विचार मात्र तिने पुरता कधी केला नाही. अर्ध्यावर आला की ती उठून काहीतरी कामाला लागे.

एका रात्रीच्या जेवणानंतर सगळ्या बैठकीच्या खोलीत शिवण-टिपण घेऊन बसल्या होत्या. सगळ्या म्हणजे आता अकरा जणी. नव्या मदरांनी विषय काढला. “आपली सकाळची प्रार्थना फार लांबते. तवे तापायला उशीर, पार्सल जायला उशीर. मी नीट बघितलंय. वेळ जातो तो सगळा त्या थांब्यात. हा थांबा एवढा मोठा का?”

“संस्थापिका मदरांनी घालून दिलाय,” एक सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात अशी भक्ती, की जशी ती तिथे उभीच होती. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्या सगळ्या ताईनंतर आलेल्या.

“तसं असेल तर मी त्याला हात लावणार नाही,” मदर म्हणाल्या. “पण नक्की का? धाकट्या सिस्टर, सगळ्यात जुन्या तुम्ही. तुम्ही सांगा.”

सगळ्यांच्या सुया थांबल्या. धाकटीच्या हातात एक फाटका मोजा होता.  नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक शब्द! संस्थापिका मदर काही कबरीतून उठून विचारायला येणार नव्हत्या. ‘हो’ म्हटलं की थांबा राहिला, ती मरेपर्यंत राहिला, आणि त्यातली ती रिकामी जागाही. जीभ अगदी टाळ्यापर्यंत गेली. पण मग ताईचं नाव? जिने पीठ खाल्लं, धाप सोसली, लाजेने मान खाली घालून मागे बसायची परवानगी मागितली, तिचा श्वास उचलून दुसऱ्या कोणाच्या नावावर घालायचा? तोही देवासमोर? ते तिच्याच्याने होईना.

“नाही,” धाकटी म्हणाली. “संस्थापिका मदरांचा काही संबंध नाही. माझ्या बहिणीला दमा होता. तिला श्वास घ्यायला वेळ लागायचा. म्हणून सगळ्या थांबायच्या.”

 बागवाल्या सिस्टरांनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, “काय म्हणाली?” आणि शेजारणीने कानात सांगितल्यावर आणखी मोठ्याने म्हणाल्या, “अगं, खरंच की! भाता! मी तर पार विसरले होते!”

नव्या मदरांनी वहीत काहीतरी खूण केली. “आता कोणाला दमा आहे का?”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“मग उद्यापासून नेहमीसारखा, साधा श्वास घ्यायचा आणि पुढे जायचं,” मदर म्हणाल्या. त्यात काही राग नव्हता, काही टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र असं धावलं की विचारू नका. चांदणी आली, गेली. आली, गेली. धाकटी प्रत्येक वेळी सवयीने थांबे, कान देई, आणि तोवर बाकीच्या ओळ संपवून पुढच्या ओळीत. दोन-तीन ओळींनंतर तिने तोंडच मिटून घेतलं. प्रार्थना वेळेआधी संपली. सगळ्या भराभर उठून कामाला गेल्या. बाकावर बसलेल्या धाकटीला वाटलं, ताई आज गेली. इतकी वर्षं झाली, पण गेली ती आज.

भाकरीच्या खोलीत त्या दिवशी एकही तक्ता धड निघाला नाही. पहिला चिकटला, दुसरा पिवळा, तिसरा तर तिच्या हातूनच खाली पडून चक्काचूर. पिवळ्या तक्त्यांचा ढीग वाढत चालला. करपट वासाने नव्या मदर आत आल्या.

“सिस्टर, हे काय चाललंय?”

“दिसत नाही का? जळतंय!” धाकटी म्हणाली. उभ्या जन्मात ती कुठल्या मदरशी असं बोलली नव्हती. म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं, पण आता सुटलंच होतं तर सुटलं. “तुम्हाला वाटतं मी तिथे प्रार्थना करायचे? नाही हो, मदर. सगळ्या म्हणायच्या, प्रभू, आहेस ना. मी म्हणायचे, ताई, आहेस ना. रोज. दोन्ही वेळा. ती गेली तेव्हा मी तिच्या पुढच्या श्वासाची वाट बघत होते, आणि तिथेच बसून अजून बघतेय. सगळे म्हणतात थांब्यात देव भेटतो. मला काय ठाऊक? मी देवासाठी थांबलेच नाही कधी. आता तुम्ही तेवढीही जागा ठेवली नाहीत. बरोबरच आहे म्हणा. कोणाला दमा नाही. तवे तापायचेत.”

एवढं बोलून ती पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली. सगळं तोंड पांढरं झालं.

 मदरांनी आधी तव्याखालची आच बंद केली. मग पिठाच्या पोत्यावर बसल्या, काळ्या झग्याची पर्वा न करता.

“मी इथे आले त्या पहिल्या संध्याकाळी,” त्या म्हणाल्या, “चांदणीवर सगळ्या गप्प झाल्या, तेव्हा मला वाटलं कोणीतरी ओळ विसरलंय. आणि मी सगळ्यांच्या आधी जोरात सुरू केलं. आठवतंय?”

धाकटीला आठवत होतं. सगळ्या कशा दचकल्या होत्या! तिला रडता रडता हसू आलं.

“मला लाज वाटली होती,” मदर म्हणाल्या. “म्हणून कदाचित तो थांबा माझ्या डोळ्यांवर आला असेल. पण एक सांगते. मी महिनाभर बघतेय. तुमच्यात कोणालाच माहीत नाही की पुढे कधी जायचं. ही तिच्यासाठी थांबते, ती हिच्यासाठी. पूर्वी तुमच्या बहिणीचा श्वास झाला की सगळ्या निघत. आता कोणाचं काय झालं की निघायचं? म्हणून थांबा लांबतच चाललाय. ती गेल्यावर तिच्या जागी कोणी आलंच नाही.”

 हे धाकटीला कधी सुचलं नव्हतं.

“थांबा ठेवू या,” मदर उठत म्हणाल्या. “पण पुढची अर्धी ओळ एकीने उचलायची. तुम्ही. तुमचा श्वास घेऊन झाला की तुम्ही सुरू करा, आम्ही मागून येऊ. तुम्ही सुरू करेपर्यंत कोणी तोंड उघडणार नाही. मी सगळ्यांना सांगते.”

“मी?” धाकटी दचकलीच. “नको हो, मदर. मला नाही जमायचं. ते ताईचं काम होतं.”

“हो. म्हणूनच,” मदर म्हणाल्या, झग्यावरचं पीठ झटकलं आणि निघून गेल्या.

दिवसभर धाकटीच्या जिवात जीव नव्हता. आनंद व्हायला हवा होता. जे हवं होतं ते तर मिळालं होतं. पण भीतीच वाटत राहिली, आणि कशाची ते तिला धड सांगताही आलं नसतं. संध्याकाळी ती चॅपलमध्ये आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारची जागा ताईची. तिथे बरीच वर्षं कोणी बसत नव्हतं. खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं. दोन्ही बाकांवर सगळ्या जणी येऊन बसल्या. स्तोत्र सुरू झालं. अर्धी ओळ झाली.

चांदणी.

सगळ्या थांबल्या. धाकटीने कान दिला. सवयच ती, इतक्या वर्षांची. ती नेहमीसारखी वाट बघू लागली. आता येईल, आता येईल. शांतता लांबली. लांबतच गेली. बागवाल्या सिस्टर बसल्या जागी जरा सरकल्या. पेटीवरच्या सिस्टरांची बोटं पट्ट्यांवर तशीच टेकलेली. कोणीतरी बारीक खोकलं. धाकटीने मान वर केली आणि बघितलं, तर समोरच्या बाकावरच्या सगळ्या तिच्याचकडे बघत होत्या. घाई नव्हती कोणाला. नव्या मदरसुद्धा हातातलं पुस्तक मिटून बसल्या होत्या. एके काळी सगळ्या ताईकडे बघत, तशाच.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आता कोणी येणार नाही. पुढचा श्वास ताईचा नव्हता. ताईचे सगळे घेऊन झाले होते, त्या सकाळीच. आता थांबलंय ते सगळं हिच्यासाठी थांबलंय, आणि हिने घेतल्याशिवाय काही पुढे जाणार नाही.

‘ताई, येते गं,’ ती मनात म्हणाली.

आणि तिने श्वास घेतला. छातीवर कोणाचा हात नव्हता, शेजारी कोणी नव्हतं, तरी तो गेला, खोल, अगदी तळापर्यंत. आत जाताना ‘प्रभू’ तर आपोआपच आलं, आणि या वेळी ते खरंच त्यालाच उद्देशून होतं. सोडताना काही विचारायचं तिला सुचलंच नाही. सगळ्या वाट बघत होत्या. गालांवरून पाणी वाहत असताना तिने तो श्वास तसाच ओळीत घातला आणि म्हाताऱ्या, कापऱ्या, दोन दात नसलेल्या आवाजात उरलेली अर्धी ओळ सुरू केली, आणि बाकीच्या तिच्या मागोमाग आल्या.